बावीस वाजवणारे आणि माझे दोन हात

माझ्या कामाची सुरुवात खुर्च्यांपासून होते. रविवारी सकाळी आठ वाजता कर्जतमधल्या एका शाळेचा हॉल मी स्वतः उघडते, भिंतीला रचून ठेवलेल्या लोखंडी खुर्च्या एकेक करून खाली काढते आणि अर्धवर्तुळात मांडते. पुढे व्हायोलिन, मधे बासरी आणि क्लॅरिनेट, मागे ट्रम्पेट, अगदी कडेला डबल बास आणि ड्रमवाले. खुर्चीचं तोंड थोडं जरी चुकीच्या दिशेला झालं तरी त्यावरच्या माणसाला माझा हात नीट दिसत नाही, आणि मग तो पुढच्याच्या मानेकडे बघून वाजवतो. वाद्यवृंद चालवायचा म्हणजे काय करायचं, असं कुणी विचारलं की मला आधी हे खुर्च्यांचं सांगावंसं वाटतं. पण लोकांना हातातल्या काठीबद्दल ऐकायचं असतं.

मी मूळची कर्जतचीच. वडील इथे शिक्षक होते. व्हायोलिन शिकायला म्हणून मी मुंबईला गेले आणि पुढची वीस-बावीस वर्षं तिथल्या एका मोठ्या वाद्यवृंदात शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. त्या रांगेतून मी बरेच कंडक्टर पाहिले. काहींचे हात असे असायचे की त्यांच्याकडे बघितलं की वाजवणं सोपं व्हायचं. काहींचे असे की बघितलं की बोटं आखडायची. असं का होतं, याचं मला फार कुतूहल होतं. नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही कर्जतला परत आलो तेव्हा मी ठरवलं, बसून पुष्कळ झालं, आता उभं राहून बघायचं.

आठवड्यातले चार दिवस खोपोली आणि खालापुरातल्या शाळांच्या बँडना शिकवण्यात जातात. रोज सकाळचे दोन तास मात्र माझे असतात. जेवणाच्या टेबलावर मोठे कागद पसरायचे, बावीस वाद्यांच्या ओळी एकाखाली एक वाचायच्या, कुणी कुठे शिरायचं तिथे पेन्सिलने खूण करायची, आणि मग कपाटाच्या आरशासमोर उभं राहून हात करून बघायचे. आवाज काही नाही, नुसते हात. नवरा चहा घेऊन येतो, दारात थांबतो आणि विचारतो, आज कुणाला हाकलतेयस? शनिवारी संध्याकाळी फोन सुरू होतात. कुणाची दुसरी पाळी लागली, कुणाकडे पाहुणे आले, कुणाची व्हायोलिनची तार तुटली. हे सगळं ऐकून घेऊन रविवारी नक्की किती जण येणार याचा अंदाज बांधणं, हाही माझ्या कामाचाच भाग.

आमच्या या हौशी वाद्यवृंदात कोण नाही? एक दातांचे डॉक्टर व्हायोलिन वाजवतात. खोपोलीच्या कारखान्यांतले दोघं ड्रमवर. कुंभिवलीला हायवेवर पंक्चर काढणारा ट्रम्पेट वाजवतो, त्याच्या बोटांवरचा काळा डाग कधीच पूर्ण जात नाही. बासरीवर एक शिक्षिका आहेत. आणि डबल बास वाजवणारे आमचे सगळ्यात उंच सभासद, वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्यभर टर्बाइनची घरघर ऐकल्यामुळे आपल्याला खालचेच सूर आवडतात, असं ते स्वतःच सांगतात. सहा फूट उंचीच्या त्या वाद्याला त्यांनी स्वतःच्या हाताने गोधडीची खोळ शिवली आहे.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावरच्या एका रविवारी हॉलच्या दारात एक काका येऊन उभे राहिले. पासष्टीच्या आसपासचे, डोक्यावर पांढरी टोपी, बगलेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. खालापूरकडच्या चौक गावाजवळच्या एका खेड्यातले होते, भातशेती करणारे, शेअर रिक्षाने आले होते. टॉवेल सोडला तर आत क्लॅरिनेट. पस्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवत होते आणि अजूनही वाजवतात. पंक्चरवाल्याकडून त्यांना आमच्याबद्दल कळलं होतं. मी त्यांना काहीतरी वाजवून दाखवायला सांगितलं. त्यांनी टोपी नीट केली, डोळे मिटले आणि एक लांब सूर लावला. मागे गप्पा मारत बसलेले सगळे वळून बघायला लागले. असा गोल, उबदार सूर मुंबईतसुद्धा मी फार थोड्या जणांकडून ऐकला होता.

काकांना नोटेशन वाचता येत नव्हतं. त्याचं काही अडलं नाही. शेजारच्या बासरीवाल्या बाई त्यांना त्यांची ओळ दोनदा गुणगुणून दाखवायच्या आणि तिसऱ्यांदा ती काकांची पाठ झालेली असायची. अडचण वेगळीच होती. ते माझ्याकडे बघत नसत. डोळे मिटून किंवा खिडकीबाहेर बघत वाजवायचे, आणि रंगात आले की चाल वाढवायचे. त्यांचा सूरच इतका भारी की बाकीचे एकवीस जण नकळत त्यांच्या मागे जायचे, आणि मी समोर उभी राहून रिकाम्या हवेत हात हलवत राहायचे. काही जणांना याची मौज वाटायची. मला वाटत नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी एकच जागा अकरा वेळा थांबवली. शेवटी म्हटलं, "काका, माझ्याकडे बघा."

"बघत बसलो तं ऐकू कवा?" काकांनी विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं होतं, त्यात उद्धटपणा काही नव्हता. पण अकरा वेळा थांबून मी वैतागले होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले की लग्नात काय चालतं ते चालू दे, इथे माझा हात चालतो. काकांनी पुढचा एक तास मान वर करून, माझ्या हाताकडे टक लावून वाजवलं. सूर पातळ झाला होता. तालीम संपल्यावर त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून पुसले, टॉवेलमध्ये गुंडाळले, मला नमस्कार केला आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या दोन तालमी आमच्या आजवरच्या सगळ्यात शिस्तीच्या झाल्या. सगळे एकदम सुरू होत होते, एकदम थांबत होते. मी खूश असायला हवं होतं. दुसऱ्या तालमीनंतर बासवाले काका त्यांच्या वाद्याला खोळ घालताना म्हणाले, आज सगळं बरोबर झालं मॅडम, पण आता घरी जाताना काय वाजवलं ते आठवत नाहीये. ते हे कुरकुरीने म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की मी चूक केली आहे आणि उद्या चौकला जाऊन येते.

भातझोडणीचे दिवस होते. काका घराजवळच्या खळ्यावर होते, पेंढ्या उचलून लाकडी बाकावर झोडत होते आणि दाणे खाली सडसड पडत होते. बाजूला झोडलेल्या पेंढ्याचा उंच उडवा रचलेला होता आणि काकी भात वारवत होत्या. त्यांनी मला आधी पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली, "आवं, कंडक्टर बाई आल्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, एष्टीच्या नायत त्या, हे मी गावात सगळ्यांना सांगितलंय. मला ताक दिलं, बसायला पोतं घातलं. काका काम सोडून आले नाहीत आणि मीही त्यांना बोलावलं नाही. पेंढ्यांचा ढीग संपला तेव्हा ते घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसले. मी सांगितलं की मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. त्यांनी तो विषय हातानेच उडवून लावला. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो, म्हणाले, पहिलं लग्न शेजारच्याच गावात आहे, तुमी या आणि आमच्यासंगती चाला.

म्हणून मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा वरातीच्या बँडबरोबर चालले. सकाळी अकराची वेळ, नवरदेव मारुतीच्या देवळात पाया पडायला निघालेला, पुढे लाल डगल्यातले बारा वाजवणारे आणि त्यांच्या पुढे काका. त्यांच्याकडे काठी नव्हती आणि दोन्ही हात क्लॅरिनेटवर अडकलेले. बाराही जण त्यांच्या मागे, म्हणजे त्यांचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता. आधी मला वाटलं, नुसती सवय असेल. मग मी ड्रमवाल्याच्या शेजारून चालू लागले आणि तो बघतोय तिकडे बघत राहिले. तो काकांच्या पाठीकडे बघत होता. गाणं बदलायच्या आधी काकांचे खांदे अगदी थोडे वर जायचे, श्वास आत यायचा, आणि मागच्या बारा जणांच्या छात्याही तशाच वर यायच्या. मग सगळे एकदम.

आणि ज्या काकांचं लक्ष नसतं असं मी म्हणत होते, त्यांचं लक्ष सगळीकडे होतं. नवरदेवाची एक म्हातारी आत्या मागे पडली तर चाल आपोआप सैल झाली. समोरून टेंपो आला तेव्हा दोन ओळी जागच्या जागी फिरवल्या आणि टेंपो गेल्यावर पुढे सरकले. पोरी नाचायला लागल्या तेव्हा तेच गाणं असं काही उचललं की माझेही पाय हलायला लागले. मी नाचलेसुद्धा थोडी. नवऱ्याला हे अजून पूर्ण खरं वाटत नाही.

देवळाशी बँड थांबला, सगळ्यांना सरबत मिळालं. पिंपळाच्या पारावर बसून मी काकांना विचारलं की तुमचा श्वास मागच्यांना ऐकू येतो का. म्हणाले, ऐकू नाय येत, कळतो. मग ग्लास खाली ठेवून टोपी नीट केली. सांगावं की नाही असा विचार करत असावेत.

"बाई, राग नका मानू," ते म्हणाले. "तुमी हात वर नेता ना, तवा तुमी श्वास धरून ठेवता. तुमी धरला की आमी बी धरतो. धरलेल्या श्वासानं पेटी वाजंल. क्लॅरिनेट कशी वाजंल?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि हात वर नेला. काका बरोबर होते. हात वर, खांदे ताठ, श्वास बंद. इतकी वर्षं शेवटून दुसऱ्या रांगेत बसून ज्या हातांकडे बघताना बोटं आखडायची, तसाच हात मी आरशात बघत होते. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर फार हलकंही वाटलं. कोडं सुटल्यासारखं. पुढचे कितीतरी दिवस मी कागद बाजूला ठेवून फक्त श्वास घेऊन हात खाली आणायचा सराव केला. तोंडाने जरासा उघडपणे श्वास, समोरच्याला दिसेल असा.

काका परत आले. आमच्यात एक करार झाला. त्यांनी तीन ठिकाणी माझ्याकडे बघायचं, सुरुवातीला, मधल्या ठहरावाला आणि शेवटाला. बाकी वेळ त्यांनी ऐकायचं, आणि मी त्यांना ऐकायचं. मी श्वास घ्यायला लागल्यापासून बाकीच्यांमध्ये काय फरक पडला हे शब्दांत सांगणं कठीण आहे, पण दातांच्या डॉक्टरांनी एका तालमीनंतर मला विचारलं की आज खिडक्या जास्त उघडल्या होत्या का.

जानेवारीत माथेरानच्या एका हॉटेलच्या व्यवस्थापकांनी आम्हाला बोलावलं. दुपारी चार वाजता, मोकळ्या अंगणात, तासाभराचा कार्यक्रम. हो म्हणून फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी जात नाही आणि आमच्याकडे एक डबल बास आणि एक भलामोठा ड्रम आहे.

दस्तुरीपर्यंत टेंपोने सामान नेलं, माणसं नेरळहून टॅक्सीने वर आली. काकींनाही काका घेऊन आले होते. तिथून पुढे पायी. बाससाठी हातरिक्षा ठरवली. गोधडीत गुंडाळलेलं ते लांबलचक प्रकरण चौघांनी उचलून आणलेलं बघून रिक्षा ओढणाऱ्याने गंभीरपणे विचारलं की पेशंट कोण आहेत. वाद्य आहे हे कळल्यावर त्याने ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि सांगितलं, वजनाला माणसाएवढं नाय, लांबीला जास्त हाय. बास तिरका बसला, मान रिक्षाच्या टपाबाहेर. बासवाले काका शेजारून एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून चालू लागले, आणि येणारेजाणारे पर्यटक बाजूला होऊन वाट द्यायला लागले.

ड्रम एका घोडीच्या पाठीवर बांधला. घोडी शहाणी होती, उभी राहिली. पण थंडीने तोंडाची रीड, म्हणजे वेताची पट्टी, आखडली आहे का, हे बघायला क्लॅरिनेटवाल्या काकांनी वरातीच्या गाण्याच्या दोन ओळी फुंकल्या. घोडीने कान टवकारले, मान वाकवली, पुढचा उजवा पाय उचलला आणि लग्नातल्यासारखी ठुमकत नाचायला लागली. तिच्या प्रत्येक ठेक्याला पाठीवरचा ड्रम खोगिरावर आपटून धम्म वाजत होता. घोडेवाला लगाम धरून ओरडला, "काका, थांबवा आता. तिला वाटतंय नवरदेव बसलाय." सीझनमध्ये ती खाली नेरळला लग्नांना जाते, असं त्याने मागून सांगितलं. काकांनी क्लॅरिनेट खाली घेतली तशी घोडी थांबली, आणि मी हसून हसून पोट धरून लाल मातीतच खाली बसले. कारखान्यातल्या आमच्या ड्रमवाल्याचं म्हणणं पडलं की ठेका तिचा आपल्यापेक्षा बरा आहे.

हॉटेलचं अंगण जांभळीच्या झाडांखाली होतं. खुर्च्या मीच मांडल्या. वाऱ्याने कागद उडायला लागले म्हणून धोबीखान्यातून कपड्यांचे चिमटे मागून आणले आणि प्रत्येक कागदाला दोन-दोन लावले. चार वाजेपर्यंत पर्यटक बसले, आणि त्यांच्या मागे आपापली कामं थांबवून हॉटेलातली माणसं, रिक्षावाले, घोडेवाले उभे राहिले. मी सगळ्यांकडे एकदा बघितलं. श्वास घेतला. बावीस छात्या वर आल्या.

पहिला वॉल्ट्झ, तीन ठोक्यांची पाश्चात्त्य नाचाची धून, छान गेला. दुसरी रचना मी भूप रागात बांधली होती. तिच्या मध्यावर तो ठहराव आहे, जिथे सगळी वाद्यं एकदम थांबतात, दोन मोजायचे, आणि क्लॅरिनेट एकटी हळूच सुरू होते. आम्ही थांबलो. काकांनी करारानुसार माझ्याकडे बघितलं. आणि नेमक्या त्या क्षणी मिनी ट्रेनने भोंगा दिला.

लांबलचक भोंगा होता. आमच्या कुठल्याच सुरात न बसणारा. पूर्वीची मी असते तर दोन मोजून हात खाली आणला असता, कारण कागदावर दोन लिहिलं होतं. मी हात वरच ठेवला आणि ऐकत राहिले. भोंगा दरीत उतरला, पलीकडच्या डोंगरावरून परत आला, विरत गेला. बावीस जण माझ्याकडे बघत होते, कुणी अंग चोरलं नव्हतं, सगळे शांतपणे श्वास घेत वाट बघत होते. काकांच्या डोळ्यांत हसू होतं. सगळं अगदी निवल्यावर मी श्वास घेतला आणि काकांचा सूर सुरू झाला. तो सूर ऐकायला मी एरवी कितीही लांब चालत गेले असते. मागे उभ्या असलेल्या घोडेवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

शेवटी आम्ही वरातीची गाणी वाजवली, आणि ती चालवायला मी काकांना पुढे उभं केलं. मी त्यांच्या जागेवर जाऊन बसले, बासरीवाल्या बाईंच्या शेजारी, आणि टाळ्या वाजवत ठेका धरला. पर्यटक आधी लाजले, मग उठले. रिक्षावाले त्यांच्याआधी नाचायला लागले होते.

सामान बांधायच्या गडबडीत काकी मला हाताला धरून बाजूला घेऊन गेल्या. जिथून खाली चौक आणि आजूबाजूची गावं दिसतात तो चौक पॉइंट जवळच होता. तिथे कठड्याशी उभं राहून त्या खाली बघत होत्या. त्यांनी सांगितलं, लग्न होऊन आले तेव्हापासून रोज खळ्यावरनं हा डोंगर बघते, पण वर येणं आजच झालं. सूर्य कलला होता, धरणाचं पाणी पिवळं दिसत होतं, रस्त्यावरच्या गाड्या मुंग्यांएवढ्या. त्या बराच वेळ बोट इकडून तिकडे फिरवत काहीतरी शोधत होत्या. काका मागून येऊन उभे राहिले, पण त्यांनी मदत केली नाही.

"तो बगा," काकी एकदम म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीच्या बाजूला. आमचा पेंढ्याचा उडवा."

मला खरंतर नुसता एक ठिपका दिसत होता. पण त्या इतक्या खात्रीने दाखवत होत्या की मी पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले, आणि थोड्या वेळाने मलाही तो दिसला.